निळ्या डब्यातली पेशावरची माणसं

२ ऑगस्ट, शनिवार. सकाळपासून गॅरेज आवरते आहे. रंगाचे जुने डबे एका बाजूला, लेकीच्या, सईच्या, शाळेच्या वह्या दुसऱ्या बाजूला, आणि तंबू, दोन मोडक्या छत्र्या, तिची लहानपणची सायकल ऑप शॉपला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानाला, देऊन टाकायच्या ढिगात. कोणी विचारलं तर सांगेन की हिवाळा संपत आला, कधीतरी हे काढायलाच हवं होतं. खरं कारण असं की मी एकतीस पोस्टकार्डं शोधते आहे आणि ती इथे नाहीत हे मला पक्कं माहीत आहे. ती मीच फाडून टाकली. तरी एकेक खोकं उघडते, तळापर्यंत हात घालते आणि पुन्हा बंद करते.

मोझेलमावशी जाऊन सात आठवडे होत आले. बातमी आली तेव्हा मी कामावर होते, पामर्स्टन नॉर्थमधल्या एका लॅबमध्ये. वेलिंग्टनहून त्यांच्या मुलाचा, बेनीचा, फोन होता. "वैशाली, आई गेली. पहाटे, झोपेतच." मी नीट बोलले. अंत्यविधी कधी, कुठे, किती माणसं, गाडी लागेल का, सगळं विचारून कागदावर उतरवून घेतलं. पण फोन ठेवताना मनात पहिला विचार काय आला तो लिहूनच टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. पहिला विचार आला, सुटले. मावशी सुटल्या, असा नव्हे... मी सुटले.

इथल्या मराठी अंकासाठी मावशींवर लेख लिहायचा आहे, आणि अशा लेखात गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात. मावशींचे गुण मी सांगणारच आहे, ते पुष्कळ होते. पण माझ्याबद्दलचं गाळून ते सांगता येणार नाहीत.

आमची ओळख बारा वर्षांपूर्वीची, इथल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानातली. पांढरे कापलेले केस, पँट, वर विणलेलं जाड जाकीट अशी एक उंच म्हातारी बाई एक पाकीट डोळ्यांजवळ धरून स्वतःशीच पुटपुटत होती, "ही आमसुलं आहेत की जोड्याचं कातडं?" मी चमकून वळले. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पुण्याची ना? मग तुला काय कळणार. आमसुलातलं कळायला अलिबागकडचं असावं लागतं." पार्किंगमध्ये पोचेपर्यंत त्यांनी मला सांगून टाकलं होतं की त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावात त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणत, नवरा जाऊन चार वर्षं झाली, आणि गावात मराठीत भांडायला कोणी नाही. "इंग्लिशमध्ये भांडले की मीच हरते," असं त्या म्हणाल्या.

त्यानंतर दर गुरुवारी कामावरून परतताना मी त्यांच्या युनिटवर, म्हणजे छोट्या भाड्याच्या घरी, थांबायला लागले. त्या नारळाच्या दुधातली माशांची आमटी करून ठेवायच्या, मी त्यांची औषधं, बिलं, बल्ब, डॉक्टरांच्या तारखा बघायची. मला कामं करायला आवडतात. बसून नुसतं ऐकायला फारसं जमत नाही. म्हणून त्या सांगायच्या तेव्हा मी भांडी पुसत असायची आणि त्या म्हणायच्या, "पूस बाई, पूस. कान तर मोकळे आहेत ना?"

सांगायच्या त्या पेशावरचं. त्यांचा जन्म तिथला. वडील, ज्यांना त्या पपा म्हणत, छावणीतल्या लष्करी दवाखान्यात कंपाउंडर होते. कोकणातली आणखी दहा ज्यू कुटुंबं होती, कोणी रेल्वेत, कोणी तारखात्यात, एक जण घोड्यांच्या दवाखान्यात. सगळी घरात मराठी बोलणारी, आणि पलीकडे खैबरचे डोंगर. देऊळ बांधण्याइतके पैसे नव्हते म्हणून खोगिरं शिवणाऱ्याच्या दुकानावर एक खोली भाड्याने घेतली होती. आता सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, नऊ चालत नाहीत. आणि पेशावरात मोठे पुरुष होते अकरा. म्हणजे एका वेळी एकालाच रजेवर जाता यायचं. हे रजेचं वेळापत्रक पपा सांभाळायचे. कोणाच्या बहिणीचं लग्न अलिबागला निघालं की तो आधी पपांकडे यायचा आणि मग साहेबाकडे. दोघं एकदम आजारी पडले की पपा स्टेशनवर जाऊन उभे राहायचे आणि येणाऱ्या पलटणीत कोणी आपला दिसतो का ते बघायचे. "अर्धा इतिहास हाच," मावशी म्हणायच्या. "इतक्याशा लोकांचा इतिहास कसला, हजेरीपट असतो."

त्यांच्या उपासाच्या मोठ्या दिवसाला मराठीत दारफळणीचा सण म्हणतात. दारं लावून घ्यायची, दिवसभर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, देवाची आणि माणसांची माफी मागायची. पहिल्याच वर्षी शेजारच्या सुकामेवावाल्या पठाणाने पाहिलं की या घराला सकाळपासून कडी आहे, धूर नाही, मुलांचा आवाज नाही. संध्याकाळी तो चार भावांना घेऊन दार तोडायलाच आला. पपांनी खिडकीतून खूण केली की जिवंत आहोत, पण आज बोलणार नाही. तो बिचारा दारातच बसून राहिला आणि अंधार पडल्यावर दार उघडलं तेव्हा त्याने सगळ्यांना आधी शिव्या घातल्या आणि मग टोपलीभर द्राक्षं दिली. पुढे दरवर्षी त्या दिवशी तो आपणहून उंबऱ्याबाहेर बसायचा, कोणी त्रास देऊ नये म्हणून. हे सांगताना मावशी त्याच्या पश्तू शिव्या हुबेहूब द्यायच्या. अर्थ कधी सांगितला नाही.

फाळणीनंतर ही माणसं पांगली. कोणी कराचीला थांबलं, कोणी मुंबईला आलं, बरीचशी पुढे इस्राएलला गेली. पण एक गोष्ट चालू राहिली, जी मला नीट कळली फार उशिरा. पेशावरच्या अकरा घरांतलं कुठेही कोणी गेलं की मुंबईला पपांना एक पोस्टकार्ड यायचं. मराठीतून, चार ओळी. वडील गेले, अमुक तारखेला गेले, तुम्ही दिवा लावालच. ज्यांच्यामागे दिवा लावणारं कोणी उरलं नव्हतं त्यांच्यासाठी पपा लावायचे, दरवर्षी, ज्याच्या त्याच्या तिथीला. पपांमागून ती कार्डं आणि ते काम मावशींकडे आलं. बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा होता, त्यात ती एकतीस कार्डं. मुंबईहून इथे येताना त्यांनी तो हातातल्या पिशवीतून आणला होता, विमानात मांडीवर घेऊन. इंग्रजी तारखेवरून स्वतःच्या कॅलेंडरमधली तिथी काढत बसायच्या आणि मला म्हणायच्या, "तुमचं तरी काय वेगळं आहे? तुम्हीही तिथीच शोधता."

त्या कार्डांवरून एक वही लिहायला त्यांनी घेतली होती. नाव, पेशावरात कुठे राहत, काय काम, कधी गेले, आणि शेवटच्या रकान्यात ही माहिती कशावरून. "वैशाली, तू टाइप करून दे," असं त्या चार-पाच वर्षं म्हणत होत्या. मी म्हणायची, करू, हा क्वार्टर संपू दे... ही सई एकदा युनिव्हर्सिटीत जाऊ दे.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मावशी बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. आता एकटं राहता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. रेस्ट होममधली, म्हणजे वृद्धाश्रमातली, खोली लगेच मिळत होती, युनिट दोन आठवड्यांत रिकामं करायचं होतं. बेनीला वेलिंग्टनहून एकच शनिवार-रविवार येता आलं. फर्निचर त्याने पाहिलं, बाकीचं मी म्हटलं, "तू जा, मी करते." आणि मी केलं. तीन ढीग, चिकटपट्ट्या, लेबलं. असल्या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही.

शेवटच्या दिवशी शेवटच्या कपाटात डबा सापडला. मावशींनी त्यातली कार्डं मला कधी हातात दिली नव्हती, मी कधी मागितली नव्हती. 'पपांची कार्डं' एवढंच ऐकलेलं, टाइप करायची वहीही कधी उघडून पाहिली नव्हती, आणि ती पेशावरच्या फोटोंची वगैरे असतील असं मी धरून चालले होते. डबा उघडला. वरचं कार्ड वाचलं, 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की...' आणि माझ्या हातांनी ते फाडलं.

हे मराठी वाचकांना तरी समजावून सांगायला नको. आमच्या पुण्याच्या घरी असं पत्र आलं की आई ते दारातच वाचायची, उभ्यानेच चार तुकडे करायची आणि हात धुऊन मग आत यायची. मरणाचं पत्र घरात ठेवायचं नाही. मी देवदेव करणारी नाही, पण हे हातात बसलेलं आहे. दुसरं कार्ड पाहिलं, तेही तसलंच. तिसरंही. मला वाटलं, बिचारीने वाचून तशीच टाकली असतील, कोणी सांगितलं नसेल. एवढी मरणं कपाटात घेऊन ही बाई राहत होती! मी खरंच तिच्या भल्याचं करते आहे, असं मला वाटलं. शिवाय पत्ते होते, नावं होती, म्हणून एकेक कार्ड नीट बारीक फाडलं. दहा मिनिटं लागली. तुकडे रीसायकलिंगच्या बिनमध्ये. डबा मात्र चांगला होता, तो मी घरी आणला आणि त्यात पडद्यांचे हुक ठेवले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले. मावशी ऑपरेशननंतर अजून अंथरुणातच होत्या, ओठ कोरडे पडलेले. पहिला प्रश्न, "निळा डबा?"

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतंच.

"देवासारखी आहेस गं," त्या म्हणाल्या. "त्यात एकतीस माणसं आहेत. त्यांची नावं लिहिलेल्या कागदाला आम्ही धक्का लावत नाही. अगदी जीर्ण झाला तर पुरतो, माणसासारखं."

मी गाडी काढून युनिटवर गेले. बिन रिकामा होता. त्या दिवशी सकाळीच कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण बाई ऑपरेशनमधून उठलेली, जरा बरी होऊ दे. मग रेस्ट होममध्ये नवीन, जरा रुळू दे. घरी सईला सांगितलं. ती मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते. "मम, जस्ट टेल हर," एवढंच म्हणाली आणि टोस्टला लोणी लावायला लागली. मला राग आला. आजवर मी कोणाची वस्तू हरवली नव्हती. ऑफिसात काही सापडेनासं झालं की लोक म्हणतात, वैशालीला विचारा.

रेस्ट होममध्ये खऱ्या ज्योतीला परवानगी नाही, म्हणून मी दोन डॉलरच्या दुकानातून बॅटरीचा दिवा आणून दिला. मावशींनी तो उलटासुलटा करून पाहिला. "चीनमध्ये झाला का हा? असू दे. आत्म्याला कुठे कळतंय." कार्डांपैकी बहुतेक त्यांची वहीत उतरवून झाली होती, म्हणजे नावं आणि तारखा, मजकूर नाही. तीन राहिली होती, शाई उडालेली. एका गुरुवारी त्या म्हणाल्या, "शमुवेलमामांची तारीख मला चष्मा लावूनही दिसली नव्हती. तुझे डोळे चांगले. घरी गेलीस की कार्ड उजेडात धर आणि मला फोन कर."

मी घरी गेले, स्वयंपाक केला, जेवलो, आणि फोन करून सांगितलं, "सात मार्च." मार्चच चालू होता. मी मुद्दाम जवळची तारीख निवडली, म्हणजे त्यांना लगेच दिवा लावायला मिळेल.

"साल?"

"साल नाही दिसत."

"साल मला माहीत आहे, तेव्हा बेनी पोटात होता." मग कागदांची सळसळ, आकडेमोड. "तिथी या वर्षी पुढच्या आठवड्यात येते बघ. येशील?" मी गेले. दिव्याचं बटण मीच दाबलं. त्या पुटपुटत होत्या आणि मी बाजूला हात जोडून उभी होते.

जूनमध्ये दीनाआत्यांची तारीख विचारली तेव्हा त्यांनी आपणहून म्हटलं, "नाही सापडलं तर तसं सांग हो. तारीख माहीत नसली की आम्ही एक दिवस नेमून घेतो. देव काही रजिस्टर घेऊन बसलेला नाही." दार असं सताड उघडं होतं. मी म्हटलं, "सापडलं ना. एकोणीस जून." तिसरी ऑगस्टात दिली. मग नोव्हेंबरमध्ये त्यांनी विचारलं, "रिव्काताईच्या कार्डावर काय आहे गं?" मी म्हटलं, "बारा नोव्हेंबर." त्यांनी वही पुढे ओढून काहीतरी लिहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि सईच्या परीक्षेचं विचारलं. त्यानंतर त्यांनी मला एकही तारीख विचारली नाही. मला वाटलं, विसरायला लागल्या.

शेवटची भेट जूनमधली, त्या जायच्या पाच दिवस आधीची. हात अगदी हलका झाला होता. गव्हाच्या चिकाचा हलवा मला कसा जमत नाही, मी घाईने गॅस मोठा करते, यावर पाच मिनिटं ऐकवलं. निघताना म्हणाल्या, "त्या डब्याचं ओझं झालं असेल तुला. बेनीला काय ते सांगून टाक कधीतरी."

"ओझं कसलं, मावशी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

वेलिंग्टनच्या दफनभूमीत दहा पुरुष जमवायला बेनीला दोन दिवस फोन करावे लागले. दहावा माणूस विमानतळावरून थेट आला, सूटकेससकट. मला पपा आठवले, स्टेशनवर उभे राहिलेले. महिन्यानंतर बेनीने मला वही दिली. "डबा तुझ्याकडे आहेच. दोन्ही एकत्र असू दे. टाइप झालं की मला पाठव, आता दिवे मी लावणार आहे." मी वही घरी आणून कपाटात वरती ठेवली. आज गॅरेजचं शेवटचं खोकं बंद केल्यावर खाली काढली, कारण आवरायला दुसरं काही उरलं नव्हतं.

अक्षर सुरेख आहे. एकेका पानावर एकेक माणूस. शेवटच्या रकान्यात, कशावरून: 'कार्ड'. पुढच्या पानावर 'कार्ड'. पुन्हा 'कार्ड'. शमुवेलमामांच्या पानावर, ७ मार्च, कशावरून: 'वैशाली म्हणते'. दीनाआत्या, १९ जून, 'वैशाली म्हणते'. तिसरंही तसंच. आणि मग रिव्काताई, मावशींची सख्खी थोरली बहीण. १२ नोव्हेंबर, 'वैशाली म्हणते'. त्याखाली वेगळ्या पेनाने: '३० ऑगस्ट. मी उशाशी होते. हिचं कार्ड कधी आलंच नाही.'

म्हणजे नोव्हेंबरपासून त्यांना माहीत होतं. सात महिने. त्या सात महिन्यांत त्यांनी मला हलवा शिकवला, सईला मफलर विणून दिला, दर गुरुवारी दार उघडं ठेवलं, आणि मी प्रत्येक वेळी चप्पल काढून आत जाऊन बिलं तपासली. त्यांनी मला पकडलं नाही. पण वहीत खोटंही लिहिलं नाही. कशावरून ते स्पष्ट लिहून ठेवलं, वाचणाऱ्याने काय ते ठरवावं म्हणून. त्या अकरा घरांचा हिशोबनीस असाच असायला हवा होता, आणि तशाच त्या होत्या.

आज संध्याकाळपर्यंत एवढं लिहिलं. हा लेख छापून येईल तेव्हा बेनी तो वाचेल, हे लिहिता लिहिता लक्षात आलं. मग पुढचं उद्यावर ठेवलं.

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी उठून पडद्यांचे हुक एका पिशवीत ओतले. डबा आतून पुसला. वहीतल्या तीन तारखांवर एकेक रेघ मारली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'तारीख माहीत नाही. कार्ड वैशालीने फाडलं.' वही डब्यात मावत नव्हती, म्हणून दोन्ही एका टॉवेलात बांधून शेजारच्या सीटवर ठेवलं आणि पट्टा लावला. वेलिंग्टनला पोचायला दोन तास लागले. कुठे थांबले नाही. बेनीने दार उघडलं, अंगात रात्रीचाच टी-शर्ट, पायात रबरी चपला. "अगं, सकाळी सकाळी? ये, आत ये."

मी चप्पल काढायच्या आधी, उंबऱ्याबाहेरच सगळं सांगून टाकलं. आत गेले असते तर त्याने चहा ठेवला असता, आणि मग मी कपबशा धुवायला घेतल्या असत्या.